राजा हातात, तरी पॅक!

चांगलं पान सोडायचं तरी कधी? एका हरलेल्या दिवाळीनंतर गिरगाव, दादर आणि लालबागमध्ये मारलेली रविवारची चक्कर...

गेल्या दिवाळीतली रात्र. लोअर परळमधल्या एका टॉवरचा एकविसावा मजला, मित्राचा नवाकोरा फ्लॅट, सतरंजीवर आम्ही सात जण आणि मध्ये तीन पत्तीचा डाव. माझ्या हातात बदामचा राजा, गुलाम आणि चौकी. कलर! खेळणाऱ्याला सांगायला नको, असं पान आलं की पाठ आपोआप ताठ होते.

पाच जण एकेक करून पॅक झाले. उरलो मी आणि आमच्या ऑफिसातला अकाउंट्सवाला. हा प्राणी संध्याकाळपासून पानं उचलत होता, बघत होता आणि खाली टाकत होता. बाकी काम एकच, चिवडा खाणं. मी चाल वाढवली. त्याने शांतपणे तेवढेच टाकले. मी पुन्हा वाढवली, त्याने पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... माझ्या डोक्यात तोवर बिर्याणी कुठून मागवायची हे सुरू झालं होतं. शेवटी धीर सुटला, शो मागितला. त्याने एकेक करून पानं ठेवली. सत्ती, अठ्ठी, नव्वी. सिक्वेन्स!

त्या एका हाताचा हिशोब चौदा हजार पाचशे रुपये. त्यातले दहा हजार घराच्या रंगकामासाठी आईला द्यायचे होते. ‘बोनस अजून जमा झाला नाही गं,’ असं तिला सांगून टाकलं.

सगळे म्हणाले, ‘बॅड लक, बॉस!’ मलाही ते ऐकून बरं वाटलं. पण टॅक्सीत बसल्यावर एक प्रश्न डोकं खायला लागला. जो माणूस तीन तासांत तीनदाही खेळला नाही, तो अचानक चार चाली खेळतो तेव्हा माझ्या हातातलं पान खरंच चांगलं राहतं का? वाईट पान तर कुणीही सोडतं. चांगलं पान सोडायचं कधी?

उत्तर माहीत असणारी तीन माणसं मला ठाऊक होती. तिघंही याच शहरात, तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एका रविवारी निघालो.

पहिला थांबा : गिरगाव

ज्यांचं तीन पत्तीशी नातं फक्त लग्नाच्या हॉलपुरतं आहे, त्यांच्यासाठी आधी चार ओळी. प्रत्येकाला तीन पानं. सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं एकाच दर्जाची. मग एकाच रंगाचा प्युअर सिक्वेन्स, मग साधा सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी आणि तळाला नुसतीच पानं. पान बघून पैसे टाकले की ती चाल, न बघता टाकले की ब्लाइंड. सोडून दिलं की पॅक. पोकरवाले त्यालाच फोल्ड म्हणतात. दोघंच उरले की पैसे भरून शो मागता येतो. संपला खेळ. कठीण आहे ते यानंतरचं.

चर्नी रोडला उतरलो आणि ठाकूरद्वारच्या दिशेने चालायला लागलो. रविवारी सकाळी गिरगाव अजूनही आळस देत उठतं. भुयारातून मेट्रो धावायला लागली तरी वरच्या गल्ल्यांचा वेग तोच आहे. फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होममध्ये मिसळ मारली. हरायला जा नाहीतर शिकायला, रिकाम्या पोटी जाऊ नये!

नाना माझ्या वडिलांचे जुने शेजारी. बँकेत नोकरी केली, पण चाळीत त्यांची ओळख वेगळी. गणपतीत मूर्तीची रात्रभर राखण करायला जे टोळकं बसायचं, त्यातले हे सगळ्यात जुने गडी. मुंबईत सार्वजनिक गणपती १८९३ साली याच गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. राखणीच्या रात्री पत्ते कधी सुरू झाले, त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही. आधी मेंढीकोट, मग रमी आणि दोन वाजून गेले, बायका-पोरं झोपली, की तीन पत्ती. बूट चार आण्यांचा.

मी अख्खा हात सांगितला. नानांनी गॅलरीच्या कठड्याला टेकून तो ऐकला आणि विचारलं, ‘‘तू तुझ्या पत्त्यांकडे किती वेळ बघत होतास?’’

‘‘म्हणजे, सारखाच. कलर होता ना!’’

‘‘तिथेच चुकलास. आपले पत्ते एकदा बघितले की झालं, ते काय बदलणार आहेत? बघायचं समोरच्याकडे.’’

मग त्यांनी मला शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली. राखणीला खायला शेंगदाणे असायचेच. नाना प्रत्येक गड्याच्या नावाचा एक कोपरा मनात ठरवायचे. कुणी पान बघून चाल दिली, की त्याच्या कोपऱ्यात एक दाणा. पहाटेपर्यंत कुणापुढे वीस दाणे व्हायचे, कुणापुढे तीन. वीसवाला चाल द्यायला लागला तर नाना जोडीवरसुद्धा लढायचे. तीनवाला लागला तर कलर हातात असूनही सावध.

‘‘असल्या माणसाला आम्ही दगड म्हणायचो,’’ नाना म्हणाले. ‘‘दगड सहसा हलत नाही. हलला की समजायचं, खाली काहीतरी आहे. आणि एक लक्षात ठेव. माणूस किती जिंकतो यावरून तो कळत नाही. तो काय काय टाकून देतो, त्यावरून कळतो. तुझा तो चिवडेवाला तीन तास तुला सांगत होता की मी कोण आहे. तू ऐकलं नाहीस.’’

‘‘पण नाना, दगडसुद्धा थाप मारू शकतो ना?’’

‘‘मारतो की! वर्षातून एकदा. त्या एका दिवसासाठी तू बाकीच्या दिवशी पैसे भरणार का?’’

दुसरा थांबा : दादर

गिरगाव ते दादर हा प्रवास आता भुयारी मेट्रोने होतो. घाम न येता दादरला पोहोचायचं म्हणजे आपल्या पिढीची चैनच. शिवाजी पार्कजवळ प्रकाशमध्ये नेहमीसारखी गर्दी होती. साबुदाणा वडा आणि पीयूष सांगून बाईंची वाट बघत बसलो.

बाई म्हणजे शाळेतल्या माझ्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दर गुरुवारी मैत्रिणींबरोबर त्यांची रमी असते, पैशांऐवजी बटणं लावून. माझा हात ऐकून त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि बिल उलटं केलं. दहावीतली भीती पुन्हा जागी झाली!

‘‘बावन्न पानांतून तीन पानांचे हात किती होतात? २२,१००. त्यात ट्रेल ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४. उरलेले १६,४४० हात म्हणजे काहीच नाही. आता तुझ्या राजाच्या कलरला कोण हरवतं? कलरच्या वरचे ८२० आणि एक्क्याचे कलर २५६. झाले १,०७६. राजाच्याच कलरमध्ये तुझ्यापेक्षा सरस असे थोडे आहेत, ते सोडून देऊ.’’

मग बिलावर चार आकडे एकाखाली एक उतरले. समोरच्याकडे कुठलंही पान असू शकतं असं धरलं, तर २२,१०० पैकी १,०७६. म्हणजे शंभरात मी जेमतेम पाच वेळा हरणार. पण तो जोडीखाली खेळतच नसेल तर ५,६६० पैकी १,०७६. शंभरात एकोणीस. कलरच्या खाली खेळत नसेल तर १,९१६ पैकी १,०७६. शंभरात छप्पन्न! आणि सिक्वेन्सखाली खेळत नसेल तर ८२० पैकी ८२०.

‘‘बघ,’’ बाई म्हणाल्या, ‘‘पान तेच. पण तू दर वेळी चाल वाढवलीस आणि तो थांबला नाही, तेव्हा तू एकेक पायरी खाली उतरलास. पाच, एकोणीस, छप्पन्न, शंभर. तुला वाटत होतं मी दाब देतोय. तू त्याच्याकडची सगळी कमजोर पानं तुझ्याच हाताने बाहेर काढलीस. उरलं ते तुला मारणारंच.’’

पीयूष घशाखाली उतरेना.

‘‘मग पहिल्याच चालीला पॅक करायला हवं होतं का?’’

‘‘छे! तेही चूक,’’ बाईंना आता रंग चढला होता. ‘‘समज, मध्ये चार हजार पडलेत आणि शोला चारशे लागतात. अकरा वेळांत एकदा जिंकलास तरी बरोबरी. तुला चौवेचाळीस टक्के संधी असेल तर शो मागायलाच हवा. लवकर आणि स्वस्तात. तुझा तोटा शोने झाला नाही, शोच्या आधी वाढवलेल्या चालींनी झाला. घट्ट माणसापुढे चांगल्या पानाचे दोनच सरळ रस्ते. थोडक्यात बघून घे, नाहीतर सोड. आणि संधी शून्यावर आली असेल, तर कितीही स्वस्त शो महागच.’’

रमीत हे शहाणपण नियमातच लिहिलेलं असतं, असंही त्यांनी ऐकवलं. पॉइंट रमीत पहिल्यांदाच डाव टाकला तर वीस गुण, मध्येच टाकला तर चाळीस आणि शेवटपर्यंत हट्टाने बसलात तर जास्तीत जास्त ऐंशी. सोडायलासुद्धा किंमत पडते आणि उशीर झाला की ती वाढते.

बाईंच्या रमीप्रेमाला कोर्टाचाही आधार आहे बरं का! सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. जुगाराच्या अड्ड्याविरुद्धचा आपल्याकडचा कायदा तर १८८७ पासूनचा. मोबाइलवरच्या टेबलांचं म्हणाल, तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. म्हणजे आमची ती दिवाळीची सतरंजी काही अभिमानाने मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती. ‘‘पत्ते कुठले यावेत हे नशीब,’’ बाई बिल माझ्याकडे सरकवत म्हणाल्या. ‘‘सोडायचे कधी, ते नाही.’’

बिल मीच भरलं. उलट्या बाजूसकट ते अजून पाकिटात आहे.

तिसरा थांबा : लालबाग

स्टेशन ओलांडून दादर टीटीला आलो आणि बस पकडली. हिंदमाता, परळ, भारतमाता... डॉ. आंबेडकर रोडवरून जाताना उजव्या हाताला, इमारतींच्या डोक्यावरून लोअर परळचे टॉवर दिसत राहतात. आपल्यातले निम्मे जण सोमवारी सकाळी तिकडेच धावतात. माझं ऑफिसही तिथेच, एका जुन्या मिलच्या जागेवर. आत शिरताना एक चिमणी दिसते. रात्री तिच्यावर निळे दिवे सोडतात, आम्ही खाली उभे राहून सेल्फी काढतो.

लालबागला उतरलं की आधी नाक जागं होतं. एकीकडे मसाल्यांचा ठसका, दुसरीकडे चिवडा गल्लीतला खमंग वास. आप्पांसाठी पावशेर चिवडा घेतला. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय सत्तरीच्या पुढे, मिलमध्ये साच्यावर काम केलेलं. आमच्या घराण्यातला सगळ्यात घट्ट खेळाडू. गावी गणपतीत भावकी जमली की पत्ते निघतात, तेव्हा सगळ्यांना एक गोष्ट पाठ असते. आप्पा सिक्वेन्सखाली दुसरी चाल देत नाहीत. आयुष्यात दिलेली नाही.

त्यांनी माझी गोष्ट ऐकली. पहिला प्रश्न पत्त्यांचा नव्हताच.

‘‘आईला सांगितलंस?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘हं.’’

मग बराच वेळ ते चिवड्यातले दाणे निवडत बसले. आणि एकदम म्हणाले, ‘‘आमचाही असाच एक हात होता. चांगलं पान होतं.’’

आप्पा संपावर कधीच बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. १९८१ च्या दिवाळीतल्या बोनसवरून ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. पगारवाढ हवी होती आणि १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनच्या हाती दिलेली सत्ता मोडायची होती.

‘‘अडीच लाख माणूस म्हणजे काय साधं पान आहे? आम्हाला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत समोरचा पॅक. पण समोरचा बसूनच राहिला. ना बोलतो, ना वाढवतो, ना सोडतो. तिकडे भिवंडीला, मालेगावला यंत्रमाग चालू. माल निघत होता. आणि मिलच्या खाली जमीन होती. तिची किंमत तेव्हा आम्हाला कळली नाही, त्यांना कळत असेल. घाई कुणाला होती? पगार कुणाचा बंद होता? आमचा.’’

मला दादरचं बिल आठवलं. पाच, एकोणीस, छप्पन्न, शंभर.

‘‘मग आप्पा, तेव्हाच सोडायला हवं होतं असं वाटतं?’’

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

‘‘पत्त्यांचं आणि त्याचं एक करू नकोस. पत्त्यांत हा डाव गेला तर पुढचा वाटतात. आम्हाला दुसरा डाव वाटलाच नाही कुणी. आणि तुझा हात तुझ्या एकट्याच्या हातात असतो. अडीच लाखांचा हात एकाने कसा टाकायचा?’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘मी टाकला.’’

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. चौदा महिन्यांनी, एका सकाळी, आप्पा गेटातून आत गेले. पोलिसांच्या पहाऱ्यात. घरातलं सोनं गहाण पडून झालं होतं आणि दादाची, म्हणजे माझ्या चुलत भावाची, शाळेची फी थकली होती. संध्याकाळी परत आले तेव्हा चाळीत कुणी बोललं नाही. ज्यांच्याबरोबर मोर्च्यात चालले होते, त्यांनी दारं ओढून घेतली. पुढची दोन वर्षं नळावर काकूच्या बादलीला कुणी हात लावला नाही. संप अधिकृतपणे मागे असा कधी घेतलाच गेला नाही, हजारो जणांना कामावर परत घेतलंच नाही. आप्पांची मिलही शेवटी २००० साली बंद पडली. मधल्या सतरा वर्षांच्या पगारात दादाचं शिक्षण झालं.

‘‘बरोबर केलं का आप्पा?’’

‘‘माहीत नाही. सगळे अजून सहा महिने टिकले असते तर? मी आणि माझ्यासारखे आत गेलो म्हणून तर नाही ना हरलो? समोरच्याच्या हातात काय होतं, ते आपण सोडल्यावर कोण दाखवतो? सोडण्याचा त्रास हाच असतो. हरणारा माणूस निदान बघून हरतो. सोडणाऱ्याला आयुष्यभर कळत नाही.’’

त्या रात्री चार-चार चाली मी का भरल्या, ते मला तिथे, लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत कळलं. लोभ होताच. पण शेवटच्या दोन चालींपर्यंत मलाही आतून वाटायला लागलं होतं की हा गडी काहीतरी घेऊन बसलाय. तरी भरत राहिलो. कारण सोडलं असतं, तर त्याच्याकडे काय होतं हे कळलं नसतं. ते न कळणं मला सहन होणार नव्हतं. चौदा हजार पाचशेतले निदान निम्मे पैसे मी जिंकण्यासाठी नाही, बघण्यासाठी भरले होते.

काकूने चहा आणला. आप्पांनी फळीवरून जुना कॅट काढला. ‘‘चल, एक डाव. काड्या लावून.’’ काडेपेटी रिकामी करून प्रत्येकी वीस काड्या वाटल्या.

पानं उचलली. इस्पिकचा एक्का, दश्शी, सत्ती. कलर, तोही एक्क्याचा! पाठ पुन्हा ताठ झाली. आप्पांनी पान बघितलं आणि दोन काड्या टाकल्या. मी दोन टाकल्या. त्यांनी चार टाकल्या. दुसरी चाल.

मी पत्त्यांकडून नजर काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. नानांचा एकुलता शेंगदाणा आठवला, बाईंचं ८२० पैकी ८२० आठवलं. हातातला एक्का भलताच देखणा दिसत होता. मध्ये आठ काड्या होत्या, फार काही नाही. चार काड्या टाकल्या की शो, की समोर सगळं उघडं.

‘‘पॅक,’’ मी म्हणालो.

आप्पांनी मधल्या काड्या ओढून घेतल्या, आपली तीन पानं न उलटता कॅटमध्ये सरकवली आणि पिसायला लागले.

‘‘आप्पा, काय होतं? दाखवा ना!’’

‘‘बघायचे पैसे भरलेस?’’

उठताना त्यांनी उरलेला चिवडा पुडीत बांधून दिला. ‘‘आईला दे. आणि ते पैशांचं आजच सांग, उद्यावर टाकू नकोस. उद्या महाग पडेल.’’

चिंचपोकळीला गाडीची वाट बघत फलाटावर उभा राहिलो आणि घरी फोन लावला.